हत्याराची किंमत आणि हाताचे मोल

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण फार सहजपणे वापरतो. गळणारा नळ दुरुस्त करायला आलेल्या कारागिराच्या हातून नट झिजून गोल झाला, पाना निसटून त्याच्या बोटांची सालटी निघाली, की घरमालक ही म्हण ऐकवून मोकळा होतो. पण कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयातील, शाळेच्या भांडारातील किंवा लहानशा कारखान्यातील हत्यारांची पेटी उघडून पाहावी. आत एक चकचकीत स्क्रू पाना सापडतो. त्याचा जबडा हलतो, स्क्रू मध्येच अडतो आणि दांड्यावरचा मुलामा पापुद्रे धरू लागलेला असतो. ज्याने हा पाना वापरायचा, त्याने तो निवडलेला नसतो. आणि ज्याने निवडला, त्याने तो कधी हातात धरून पाहिलेला नसतो. खरी गोम इथे आहे.

स्क्रू पाना, म्हणजे जबडा लहानमोठा करता येणारा पाना, हे हातोडी-करवतीच्या मानाने अगदी अलीकडचे हत्यार. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये त्याची आरंभीची रूपे घडली. आज आपण वापरतो तो घाट मात्र स्वीडनमधील योहान पेटर योहान्सन या यंत्रज्ञाचा. १८९२ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. त्या काळी नटांच्या मापांत एकवाक्यता नव्हती. दुरुस्तीला निघालेल्या माणसाला प्रत्येक मापाचा वेगळा पाना, असे ओझे वागवावे लागे. ते ओझे वाहणाऱ्यालाच ते हलके करण्याची युक्ती सुचली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. हत्यार कसे असावे, याचा पहिला निर्णय तेव्हाही वापरणाऱ्या हातानेच केला होता.

आपल्या देशात या हत्यारांची वानवा नाही. जालंधर आणि लुधियाना येथील हातहत्यारे परदेशी जातात. नाशिकच्या सातपूर वसाहतीतून टपारियासारख्या उद्योगाने स्वीडिश तंत्रसाहाय्याने प्रारंभ करून आपले नाव घरोघरी पोहोचवले. तेव्हा चांगल्या पान्यासाठी परदेशी मालाकडे धाव घेण्याचे कारण नाही. मात्र नुसत्या नावावरही भिस्त ठेवू नये. नावाजलेल्या मालाची नक्कल बाजारात येतेच. पारख हातानेच करावी लागते आणि ती मुळीच अवघड नाही.

दुकानात पाना हातात घ्यावा. जबडा निम्मा उघडून हलता जबडा दोन बोटांनी डोलवून पाहावा. किंचित हालचाल राहणारच. परंतु तो खळखळत असेल, तर तो पाना परत ठेवावा. नटाचे कोपरे झिजतात ते याच ढिलाईमुळे. नंतर जबडे पूर्ण मिटवून पाना उजेडासमोर धरावा. फटीतून पाचरीसारखा उजेड दिसला, तर जबडे समांतर नाहीत असे समजावे. स्क्रू एका अंगठ्याने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, न अडखळता फिरला पाहिजे. निर्मात्याचे नाव आणि माप धातूतच उमटवलेले असावे, कागदी चिठ्ठीवर नव्हे. क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा, ठोकून घडवलेला आणि योग्य तऱ्हेने पाणी दिलेला पाना टिकतो. बिडाचा ओतीव पाना जोर पडताच दगा देऊ शकतो. चकाकीला भुलू नये. जाड मुलाम्याखाली ओबडधोबड काम सहज झाकले जाते आणि तो सुटू लागला की त्याच्या कडा तळहाताला कापतात. भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस. ६१४९ हे मानक याच हत्यारासाठी आहे. संस्थेसाठी खरेदी करणाऱ्याने त्याची विचारणा अवश्य करावी.

मापाचाही विचार हवा. घरगुती कामाला ८ इंची, म्हणजे सुमारे २०० मिलिमीटर लांबीचा पाना पुरतो. नळकाम करणाऱ्याला त्याच्या जोडीला १० किंवा १२ इंची लागतो. लांबी वाढते तसा जोर वाढतो, तसेच वजनही. दिवसभर पाना चालवणाऱ्याच्या मनगटाला हे वजन जाणवते, खरेदीच्या कागदावर ते दिसत नाही. पान्याचे डोके दांड्याशी किंचित तिरके असते, बहुधा १५ किंवा साडेबावीस अंशांत. अडचणीच्या जागी पाना उलटा करून नव्याने पकड घेता यावी, म्हणून ही तिरकी रचना असते.

हा पाना सर्व रोगांवरचे एकच औषध मात्र नव्हे. जिथे नटाचे माप ठाऊक आहे आणि जोरही मोठा लावायचा आहे, तिथे त्या मापाचा रिंग पानाच योग्य. स्क्रू पान्याचे खरे क्षेत्र म्हणजे जिथे समोर कोणत्या मापाचा नट येईल हे आधी सांगता येत नाही ते. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ साली चिपळुणात महापूर आला. पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेले पंप सोडवायला निघालेल्या कार्यकर्त्याच्या पिशवीत असा एक चांगला पाना मोठाच आधार ठरतो. वापरताना जोर स्थिर जबड्यावर येईल असा पाना लावावा आणि तो शक्यतो आपल्याकडे ओढावा. ढकलताना तो निसटला, तर हाताची मूठ समोरच्या लोखंडावर आदळते. दांड्यात नळी घालून जोर वाढवू नये आणि पान्याचा हातोडा करू नये. दांड्यावरचे साधे प्लास्टिकचे आवरण पकडीसाठी असते, विजेपासून संरक्षणासाठी नाही, हे घरातील मुलांनाही सांगून ठेवावे.

एवढे सगळे ज्ञान रोज पाना चालवणाऱ्याला मुखोद्गत असते. मग खरेदीच्या वेळी त्याला कोणी का विचारत नाही? संस्थांमध्ये तीन दरपत्रके मागवली जातात, सर्वांत खालचा आकडा निवडला जातो आणि काटकसर केल्याचे समाधान समितीला लाभते. वर्षभरात तो पाना बाद होतो, झिजलेले नट करवतीने कापावे लागतात, कामाचे तास वाया जातात. हा खर्च मात्र कोणत्याच वहीत चढत नाही. कारागिराच्या बोटांवरच्या जखमा तर हिशेबातच नसतात. काटकसर हा सद्गुण खराच, परंतु दुसऱ्याच्या हाताच्या जिवावर केलेली काटकसर हा सद्गुण नव्हे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य ठेवण्यात आले. त्यामागील विचार स्वागतार्ह आहे. पण त्या रकमेचे चीज व्हायचे, तर पेटीत काय असावे हे कारागिराच्या पसंतीनेच ठरले पाहिजे. आपल्या सोसायट्यांना, शाळांना आणि कारखान्यांनाही हाच नियम लागू आहे. यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी दुकानात जाताना ज्याच्या हाती पाना द्यायचा आहे त्याला बरोबर न्यावे, एवढेच पुरे.

सुशिक्षित घरांत हाताला तेल लागणे आजही कमीपणाचे वाटते. वास्तविक लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला गेले ते चित्रकला शिकायला. पुढे त्यांनी यंत्रांचे आरेखन शिकवले, लोखंडी नांगर घडवले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली. हा वारसा सांगणाऱ्या मराठी घरातील मुलाला किंवा मुलीला नळाचा नट सैल करता येऊ नये, हे शोभत नाही.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपण हत्यारांना हळद-कुंकू वाहतो, झेंडूची फुले वाहतो. ती परंपरा सुंदरच आहे. परंतु ज्या पान्याची पूजा करायची, तो पूजेच्या योग्यतेचा असावा. तो नीट पारखून घ्यावा, पुसून तेल लावून ठेवावा आणि ज्या हाताने तो चालतो, त्या हाताचे मत आधी विचारावे. वर्षातील उरलेल्या दिवसांची पूजा ती हीच.