गोळीबाराच्या जमिनीचा हिशेब



शेजाऱ्याने पेरणीला आपली बैलजोडी नेली तर संध्याकाळी तो ती पाणी पाजून, वैरण टाकून परत आणून बांधतो. बैल लंगडत आला तर त्याला विचारणा होते आणि औषधपाण्याचा खर्चही त्यालाच सोसावा लागतो. खेड्यातला हा साधा व्यवहार आहे. तो कोणत्या कायद्यात लिहिलेला नाही, तरी पाळला जातो. सरकारने सैन्याच्या सरावासाठी जमीन घेतली की मात्र हा व्यवहार उलटा होतो. जमीन कशी नेली, कशी वापरली आणि कशी परत केली याचा हिशेब कोणी ठेवत नाही आणि कोणी मागतही नाही. यंदाच्या जिल्हा बैठकांत तो मागायला सुरुवात करावी, म्हणून हा लेख.

हा प्रश्न परक्या मुलखातला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात, के. के. रेंज आहे. तिथे रणगाड्यांचा गोळीबार होतो. नगर, राहुरी आणि पारनेर या तालुक्यांतल्या गावांवर तिच्या विस्ताराची टांगती तलवार अनेक वर्षे आहे. हा सगळा रब्बी ज्वारीचा कोरडवाहू मुलूख. नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याची शाळा आहे. कपाशीच्या वर्धा जिल्ह्यात पुलगावला दारूगोळ्याचे मध्यवर्ती भांडार आहे आणि जुना दारूगोळा फोडून निकामी करण्याचे मैदानही तिथेच आहे. सरावाला रिकामी, स्वस्त आणि मुकी जमीन लागते. बागायतीत ती मिळत नाही. म्हणून नजर पडते ती माळरानावर, म्हणजे आमच्यावर.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. सैन्याशी आमचे भांडण नाही. सरहद्दीवर उभी असलेली पोरे याच कोरडवाहू घरांतली आहेत. तोफ चालवायची तर ती शिकावी लागते आणि शिकायला जागा लागते, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. आमचा सवाल खर्चाचा आहे. संरक्षण साऱ्या देशाचे, मग त्यातला जमीन आणि पाणी नासण्याचा खर्च तेवढा वीस-पंचवीस गावांनीच का सोसायचा?

हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो समजून घेतला पाहिजे. गोळीबार संपला, धूर विरला, की जमिनीत तीन गोष्टी उरतात. पहिली, न फुटलेला गोळा. दुसरी, अर्धवट फुटलेल्या गोळ्यातली दारू. गोळा नीट फुटला तर त्यातली जवळजवळ सगळी दारू जळून जाते. अर्धवट फुटला तर तिचे खडे आणि भुकटी आजूबाजूला विखुरते. म्हणून नीट फुटलेल्या शेकडो गोळ्यांपेक्षा अर्धवट फुटलेले मोजके गोळे जमीन जास्त खराब करतात. तिसरी गोष्ट तोफ जिथून डागली त्या जागेवर आणि चांदमारीच्या बांधावर सापडते. डागण्याच्या जागी बाराचे न जळलेले कण पडतात आणि चांदमारीच्या मातीत शिसे साठते.

दारूदारूतही फरक आहे. टीएनटी मातीला धरून राहते, तिथेच हळूहळू तिचे रूप बदलते. आरडीएक्स मातीला फारसे चिकटत नाही. पाऊस पडला की ते विरघळते आणि पाण्याबरोबर खाली जाते. परक्लोरेट नावाचा क्षार अग्निबाणांत आणि शोभेच्या दारूसारख्या सरावसाहित्यात असतो. तो तर मिठासारखा विरघळतो. शरीरात गेला की गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही, म्हणून गरोदर बाई आणि तान्हे मूल यांना त्याचा धोका अधिक. ओलिताच्या पाण्यातून तो पिकाच्या पानांत जातो आणि चाऱ्यातून दुधात उतरू शकतो.

ही भीती कागदावरची नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड येथे कॅम्प एडवर्ड्स हे सरावक्षेत्र आहे. जमीन वाळूची आणि खाली आसपासच्या गावांच्या पिण्याच्या पाण्याचा एकमेव साठा. त्या भूजलात आरडीएक्स सापडले. १९९७ साली तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पिण्याच्या पाण्याच्या कायद्याचा आधार घेऊन त्या तळावरचा बहुतेक गोळीबाराचा सराव बंद करायला लावला. हुकूम सुटला तो सैन्यावर आणि कारण एकच, लोकांचे पिण्याचे पाणी. पुढे २००२ साली परक्लोरेट सापडल्यामुळे शेजारच्या बोर्न गावाला पाणीपुरवठ्याच्या विहिरी बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हापासून तिथे खराब माती खणून काढणे आणि भूजल उपसून, कोळशाच्या गाळणीतून काढून परत जमिनीत सोडणे, हे काम वर्षानुवर्षे चालले आहे. आरडीएक्सची तिथली सल्ल्याची मर्यादा आहे पाण्याच्या एक अब्ज भागांत दोन भाग. इतक्या थोड्या मात्रेला चव नसते, वास नसतो. विहिरीचे पाणी पिऊन ती कोणालाही ओळखता येणार नाही.

आपली जमीन वाळूची नाही, काळी आणि चिकण आहे, तेव्हा आपल्याला काळजी नाही, असे कोणी म्हणेल. त्याने वैशाखात काळ्या रानात येऊन पाहावे. हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. मृगाचे पहिले पाणी त्या भेगांतून सरळ खाली मुरमात उतरते. त्याखाली काळा कातळ. त्यात पाणी सगळीकडे सारखे नसते, फटींतून आणि सांध्यांतून वाहते. म्हणून एका विहिरीला पाणी लागते आणि शंभर हातांवरची कोरडी जाते. जे पाण्याला लागू, तेच पाण्यातल्या विषाला. एक विहीर तपासून गावाला निर्धोक म्हणता येत नाही. शिवाय काळी जमीन दरवर्षी फुगते आणि आकसते. गोटे वेचून साफ केलेल्या रानात पुन्हा गोटे वर येतात, हे प्रत्येक नांगरणाऱ्याला ठाऊक आहे. पुरलेला गोळाही तसाच वर येऊ शकतो. आज वरवर साफ दिसणारी जमीन दहा वर्षांनी साफ राहील, हे कोणी गृहीत धरू नये.

के. के. रेंजभोवतीच्या विहिरी नासल्या आहेत, असे आम्ही म्हणत नाही. पुराव्यावाचून आरोप करणे ही संघटनेची रीत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की तपासा आणि तपासल्याचा कागद ग्रामसभेच्या हाती द्या.

तपासायचे कसे, तेही सांगतो. माती परीक्षणाला नमुना कसा घ्यायचा हे आपल्याला माहीत आहे. एका कोपऱ्यातली मूठभर माती नेऊन चालत नाही. नागमोडी चालत, दहा-पंधरा ठिकाणी खड्डा करून, सगळी माती मिसळून, त्यातला भाग घ्यावा लागतो. स्फोटकांच्या तपासणीचा नियम तोच, पण अधिक कडक. दारूचे कण खड्यांसारखे विखुरलेले असतात. एका चिमटीत काहीच येणार नाही, दुसरीत नको तेवढे येईल. म्हणून एका तुकड्यात तीस ते शंभर ठिकाणची माती एकत्र करून मग तपासतात. कोणी साहेब जीपमधून उतरून दोन पिशव्या माती घेऊन गेला आणि सारे ठीक असल्याचे पत्र आले, तर ते पत्र परत पाठवावे. आणि प्रयोगशाळा कुठून आणायची, हे रडगाणे नको. स्फोटकांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा पुण्यातच आहे.

आता कायद्याकडे वळू. सैन्याच्या सरावासाठी आजही इंग्रजांनी १९३८ साली केलेला कायदा वापरला जातो. माणसाचे किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर महसूल अधिकाऱ्याने चौकशी करून भरपाई ठरवायची, असे तो सांगतो. उभ्या ज्वारीतून गाडी गेली तर पंचनामा होईल. झिरपून विहिरीत उतरलेल्या विषाचा पंचनामा कोणता तलाठी करणार? पाणी आणि माती तपासण्याचा शब्दच त्या कायद्यात नाही. मात्र त्याच कायद्यात युद्धसरावाच्या प्रकरणात एक चांगले वाक्य आहे. वापरलेली जमीन शक्य तितक्या लवकर आणि शक्य तितकी पूर्वस्थितीत आणून देण्याची जबाबदारी सेनाधिकाऱ्यावर टाकली आहे. हाच शब्द आपण धरला पाहिजे. पूर्वस्थिती म्हणजे काय, हे सराव सुरू होण्याआधी मोजून लिहिले नसेल, तर ती परत केली की नाही, हे कोण ठरवणार? नापलेली जमीन देऊन मोजून परत मागता येत नाही. नंतरच्या काळातल्या कायद्यांनीही आपली बाजू घेतलेली नाही. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेने संरक्षणाच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे.

कागदावरच्या वचनाची किंमत किती, हे हवाईतल्या काहोओलावे बेटाने दाखवले आहे. अमेरिकी सैन्याने १९४१ पासून हे बेट बॉम्बफेकीच्या सरावाला वापरले. १९५३ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमात लिहिले गेले, की गरज संपल्यावर बेट माणसांना राहण्याजोगे करून परत द्यावे. स्थानिक लोकांनी १९७६ पासून बेटावर उतरून लढा दिला, तेव्हा १९९० मध्ये बॉम्बफेक थांबली आणि १९९४ मध्ये बेट हवाई राज्याला परत मिळाले. सफाईला ४० कोटी डॉलर मंजूर झाले. २००४ मध्ये काम संपवले, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश बेट फक्त वरवर साफ झाले होते. चार फुटांपर्यंत साफ झालेली जमीन सुमारे दहावा हिस्सा. उरलेल्यात आजही मोकळेपणी पाय ठेवता येत नाही. बेट किती मोठे, तर अवघे ११६ चौरस किलोमीटर. जगातल्या सर्वांत श्रीमंत सरकारला एवढे जमले नाही, तर आपले सरकार नंतर साफ करू म्हणेल तेव्हा त्यावर किती विसंबायचे? नंतर होणारी सफाई होत नाही. वापरतानाच जो खर्च मोजला जातो, तोच भरला जातो. फुकट मिळालेली वस्तू कोणीही जपून वापरत नाही, सरकारही नाही.

खर्च मोजला नाही की तो सर्वांत गरिबाच्या माथी बसतो. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावच्या मैदानावर जुना दारूगोळा निकामी करायला उतरवत असताना स्फोट झाला. सहा जणांचा जीव गेला आणि त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. कपाशीला भाव मिळाला असता तर गावचा माणूस दारूगोळ्याच्या पेट्या उचलायला गेला नसता. सरावक्षेत्रात पितळ आणि लोखंड वेचायला जाणारा माणूसही हौसेने जात नाही. त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याच्या शेताचा ताळेबंद पाहणे कठीण आहे.

यावर उपाय आहे आणि त्याला वेळही आहे. सरावक्षेत्राची अधिसूचना ठरावीक मुदतीची असते. पूर्वीच्या बिहारमध्ये, आताच्या झारखंडमध्ये, नेतरहाटच्या गावांनी मार्च १९९४ मध्ये रस्त्यावर बसून तोफा परत पाठवल्या. त्यांनी अधिसूचनेची तारीख कधी नजरेआड होऊ दिली नाही. मे २०२२ मध्ये मुदत संपली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्य सरकारने ती न वाढवण्याचा निर्णय घेतला. मुदतवाढ हीच नाड आवळण्याची वेळ असते. आपल्या गावच्या अधिसूचनेची तारीख सरपंचाला पाठ असली पाहिजे.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही या मागण्या ठेवत आहोत :

१) कोणतेही सरावक्षेत्र नव्याने घेण्यापूर्वी, वाढवण्यापूर्वी किंवा त्याची मुदत वाढवण्यापूर्वी माती आणि पाण्याच्या पूर्वस्थितीचा दाखला तयार व्हावा आणि त्याची प्रत ग्रामसभेला मिळावी.

२) हद्दीलगतच्या गावांतल्या विहिरी व बोअर वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, तपासाव्यात. त्यात आरडीएक्स, परक्लोरेट आणि शिसे पाहावे. निकाल मराठीत चावडीवर लावावा.

३) पिण्याच्या पाण्याच्या आय.एस. १०५०० या मानकात आरडीएक्स आणि परक्लोरेटची मर्यादा घालावी. मर्यादाच नसेल तर ती ओलांडल्याची तक्रार करता येत नाही.

४) प्रत्येक सरावात किती गोळे डागले, किती फुटले नाहीत आणि ते कुठे पडले, याची नोंद ठेवावी. न फुटलेले गोळे काढल्याशिवाय जमीन चराईला खुली करू नये. ते काम सैन्याच्या प्रशिक्षित पथकानेच करावे, ठेकेदाराच्या मजुराने नव्हे.

५) सफाईचा पैसा दरवर्षी संरक्षणाच्याच अंदाजपत्रकातून वेगळा काढावा.

यांतली एकही मागणी देशाचे गुपित फोडत नाही. तोफ कोणती आणि तिचा पल्ला किती, हे आम्ही विचारत नाही. आमच्या विहिरीत काय आहे, एवढेच विचारतो. आपल्या विहिरीचे पाणी हे शत्रूपासून लपवायचे गुपित असू शकते, पण ते ज्याला प्यायचे आहे त्याच्यापासून लपवायचे गुपित असूच शकत नाही.

तोवर घराघरात एक सांगणे करा. रानात गोळा किंवा अनोळखी धातूची वस्तू दिसली तर हात लावू नका, वखराने ढकलू नका, पोरांना दाखवायला आणू नका. लांब खूण करा आणि पोलीस पाटलाला कळवा.

बैठकीला येताना सातबारा, अधिसूचनेची प्रत आणि आपल्या विहिरींची यादी घेऊन या. ठराव तिथेच लिहायचा आहे आणि तिथून निघून थेट कलेक्टर कचेरीत द्यायचा आहे.