तंजावर, नवं वर्ष आणि मोडीची वही

  

यंदा ३१ डिसेंबरला आम्ही घरी नव्हतो, तंजावरला होतो. यांना बृहदीश्वराचं मंदिर बघायचं होतं, नववीतल्या लेकीला मान डोलावणाऱ्या तंजावरी बाहुल्या हव्या होत्या आणि मला चार दिवस स्वयंपाकघरापासून सुटका. चेन्नईहून रेल्वेने सहा-सात तास बसून आम्ही पोहोचलो.

तंजावर आणि मराठीचं नातं तुम्हाला ठाऊक असेलच. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७०च्या दशकात इथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ती चालली. शाळेत हे एका परिच्छेदात संपलं होतं. इथे मात्र ते एका काचेच्या पेटीतून माझ्याकडे बघत होतं.

झालं असं. ३१ तारखेला सकाळी आम्ही राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय बघायला गेलो. ग्रंथालयाची सुरुवात नायक राजांच्या काळातली, पण त्याला खरं वैभव आणलं ते सरफोजीराजे दुसरे यांनी. ते १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी करार होऊन राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजांकडे उरला तो किल्ला आणि वाडा. दुसरा एखादा कुढत बसला असता. यांनी पोथ्या जमवल्या, युरोपातून पुस्तकं मागवली, वाड्यात छापखाना काढला. १८०६ मध्ये तिथे इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापलं गेलं, ‘बालबोध मुक्तावली’. पुढे काशीयात्रेला गेले, तर तिथल्या घाटांची चित्रं काढून घेऊन आले.

तर त्या ग्रंथालयाच्या संग्रहालयात मोडी लिपीतला एक कागद होता. लेकीने माझा हात ओढला. “आई, तुला मोडी येते ना? वाच ना!”

मी वाकले. ‘श्री’ वाचलं, ‘राजश्री’ वाचलं, आणि गाडी थांबली. पुढे सगळ्या वेटोळ्यांचा गुंता. ती दोन मिनिटं वाट बघत उभी राहिली, मग काही न बोलता पुढच्या पेटीकडे गेली. ते न बोलणंच मला जास्त लागलं.

कारण मोडी मला खरंच येत होती. माझे आजोबा किराण्याचा हिशेब मोडीत लिहायचे. आधी पानभर एक आडवी रेघ मारायची आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायचं, शक्यतो हात न उचलता. शब्द तोडायचे नाहीत. इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, म्हणून लहानपणी मला ती फार आवडायची! पुढे कॉलेजात असताना मोडीचा वर्गही केला. मग नोकरी, लग्न, लेक, सासूबाईंचं आजारपण. वही कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेली. कुणी विचारलं की मी मात्र ऐटीत सांगायचे, “मला मोडी येते.”

दोन वर्षांपूर्वी चुलतभावाने गावच्या ट्रंकेतला एक जुना कागद आणून दिला होता. “ताई, यात काय लिहिलंय बघ. जमिनीचं काही असेल.” मी म्हटलं, बघते. तो दर दिवाळीला विचारतो आणि मी दर दिवाळीला “बघते” म्हणते.

त्या संध्याकाळी बाजारात बाहुली घेतली आणि शेजारच्या दुकानातून माझ्यासाठी एक रेघांची वही आणि शाईचं पेन. रात्री बारा वाजता बाहेर फटाके वाजले, आम्ही एकमेकांना शुभेच्छा दिल्या आणि झोपलो.

एक जानेवारीला पहाटेच जाग आली. खाली आले तर लॉजच्या शेजारच्या घरासमोर एक बाई कोलम काढत होत्या. तमिळ वर्ष एप्रिलच्या मध्यात सुरू होतं, त्यामुळे एक जानेवारीचं त्यांना आपल्याइतकंच अप्रूप. पण हा मार्गळी महिना, साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी. या महिन्यात पहाटे उठून दारात मोठा कोलम काढायची रीत आहे. बाईंनी सडा घातलेल्या जमिनीवर ठिपके दिले आणि मग चिमटीतून पीठ सोडत रेघ त्या ठिपक्यांभोवती वळवत नेली. रेघ फिरत फिरत जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली. शेवटी मधोमध शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं पिवळं फूल.

काही वेळाने एक सायकल त्यावरून गेली. बाईंनी वळूनही पाहिलं नाही. उद्या पुन्हा काढायचाच आहे.

मी वर आले, वही उघडली, आडवी रेघ मारली आणि लेकीचं नाव लिहायला घेतलं. तीन अक्षरांत दोन चुका. आजोबा असते तर म्हणाले असते, “हात बसला नाही, बसेल.” अर्ध्या तासात मुळाक्षरांतली बरीचशी आठवली, काही एकमेकांत मिसळली, चार-पाच पार गेली होती. पण जी आठवली ती डोक्याने नव्हे, हाताने आठवली. हे मला अगदी नवीन होतं.

मग मंदिरात गेलो. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेलं हे मंदिर, दोनशे फुटांहून उंच शिखर. त्याचं वर्णन मी करत नाही, फोटो तुम्ही पाहिले असतील. मला सांगायचंय ते भिंतीबद्दल. मंदिराच्या आवारातल्या एका भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला आहे, मराठीत. सरफोजीराजांनी डिसेंबर १८०३ मध्ये तो कोरून घेतला. लिपी बाळबोध, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी. लेक ओरडलीच, “आई, हे मला वाचता येतंय!” आणि बोट ठेवून एकेक शब्द लावू लागली. भाषा दोनशे वर्षांपूर्वीची, अडखळत होती, पण वाचत होती.

मागे एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते. त्यांनी विचारलं, “मराठी का?” बोलण्याला तमिळचा हेल होता, पण मराठी स्वच्छ होतं. त्यांचं घराणं कैक पिढ्या इथलं. घरात अजून मराठीच बोलतात, पण शिक्षण सगळं तमिळ आणि इंग्रजीत. ते म्हणाले, लहानपणापासून या भिंतीसमोरून जातो, पण ही अक्षरं मला वाचता येत नाहीत. मराठी लिहायची वेळ आली तर आम्ही तमिळ अक्षरांत लिहितो.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “काका, मी वाचू? मला सगळे शब्द कळत नाहीयेत, पण वाचते.”

तिने तीन-चार ओळी वाचल्या. ते डोळे मिटून ऐकत होते. एका शब्दाला ती अडली, तर त्याचा अर्थ त्यांनीच सांगितला. त्यांच्या घरात तो शब्द अजून बोलला जातो! एकाकडे अक्षर होतं, एकाकडे शब्द. आणि माझ्याकडे? एकेकाळी दोन्ही होतं, आणि मी ते कपाटात ठेवून दिलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या इतक्या लांब राहून त्यांनी भाषा टिकवली ती कुठलाही संकल्प सोडून नव्हे, रोज घरात बोलून. मला रोजची दहा मिनिटं जड झाली होती.

परत आल्यापासून मी रोज एक ओळ मोडीत लिहिते आहे. पान भरायचं नाही, एकच ओळ. सासूबाईंची औषधं, दूधवाल्याचा हिशेब, आज भाजी काय केली, काहीही. तीन दिवस बुडाले, ते मोजले नाहीत. चौथ्या दिवशी पुढची ओळ लिहिली. तुमचा कुठला छंद मागे पडला असेल तर माझ्या अनुभवातून दोनच गोष्टी सांगते. साहित्य कपाटात ठेवू नका, डोळ्यांसमोर ठेवा. माझी वही आता मिसळणाच्या डब्याशेजारी असते. आणि “पहिल्यासारखं येत नाही” म्हणून थांबू नका. पहिल्यांदा तरी कुठे येत होतं?

आता त्या ट्रंकेतल्या कागदाचं. गेल्या रविवारी बसून सहा ओळी लावल्या. जमीन नाही, गुप्तधन तर नाहीच. कुणाच्या तरी लग्नासाठी शेजाऱ्यांकडून आणलेल्या भांड्यांची यादी आहे. पातेली किती, परात कुणाची, कुठलं भांडं परत करायचं राहिलं. भाऊ फोनवर जरा हिरमुसला. मी मात्र हसत होते. खाली अजून आठ ओळी आहेत. ती परात परत गेली की नाही, हे मला आता कळलंच पाहिजे.

तुमच्या कपाटात काय राहिलंय? पेटी, विणकामाच्या सुया, रंगांचा डबा, की एखादी वही? या आठवड्यात खाली काढा. पुढच्या महिन्यात भेटूच.