स्तुती मुखोद्गत, परंपरा अपरिचित

दरवर्षी २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या व्यासपीठावरून फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण हटकून होते. एका इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या भाषेला रत्नांतील हिऱ्याची उपमा दिली, हे ऐकून श्रोते संतोष पावतात. मात्र ही स्तुती करणारा कोणत्या शिस्तीत घडला होता, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. आमचे स्पष्ट मत असे की, ज्यांना ही प्रशस्ती हवी आहे, त्यांनी तिच्यामागील परंपराही अभ्यासली पाहिजे. आणि हे कार्य विद्यापीठांचे आहे.

स्टीफन्स हे येशूसंघाचे, म्हणजेच जेझुइट. इग्नेशियस लोयोला यांच्या या संघाला १५४० मध्ये पोपची मान्यता मिळाली. ख्रिस्तचरित्रातील प्रसंगाचे स्थळ, माणसे व संवाद मनश्चक्षूंपुढे उभे करून त्यावर मनन करावे, ही इग्नेशियस यांच्या साधनेतील एक प्रमुख पद्धती. तो साधनाग्रंथ १५४८ मध्ये छापला गेला. व्याकरण व वक्तृत्वापासून तत्त्वज्ञान व ईश्वरविद्येपर्यंत जाणारा संघाचा शिक्षणक्रम १५९९ मध्ये निश्चित झाला. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे सुमारे ११ हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. या साधनेची ओळख नसलेल्या विद्यार्थ्याला त्यात पुराणशैलीचे अनुकरण तेवढे दिसते. प्रसंग दृश्यमान करण्यामागील आध्यात्मिक हेतू त्याच्या हाती लागत नाही.

महानुभाव तत्त्वज्ञान वगळून 'लीळाचरित्र' कोणी शिकवील काय? मग येशूसंघ वगळून 'क्रिस्तपुराण' शिकवणे कोणत्या न्यायात बसते?

यावर आक्षेप येईल की, हा संघ धर्मांतरासाठी आला होता. तो खराच आहे. साष्टीतील देवळांचा विध्वंस, १५८३ मध्ये कुंकळ्ळीत झालेली पाच जेझुइटांची हत्या व त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांचा घेतलेला सूड, हा इतिहास झाकता येणार नाही. किंबहुना म्हणूनच हा विषय विद्यापीठात हवा. अभ्यास म्हणजे आरती नव्हे. भक्ताला भूषणे तेवढी दिसतात आणि विरोधकाला दूषणे. दोन्ही एकत्र तपासण्याची जागा वर्गखोली हीच होय.

शिवाय, समोरच्या बाजूने आपला अभ्यास केव्हाच केला आहे. जेझुइट म्हणून भारतात आलेले फ्रेंच अभ्यासक गी दलरी यांचा विठ्ठल संप्रदायावरील ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० मध्ये प्रकाशित केला. त्यांनी पंढरीची वाट समजून घेतली. आम्ही मात्र त्यांच्या घरातून प्रशस्तिपत्रक तेवढे उचलून आणले!

बोरगावात बसून ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. आमची पिढ्यान्पिढ्यांची मराठी घरे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूरपासून तुटली. तेव्हापासून आमची भाषा शासनाच्या आधारावाचून उभी आहे. इंग्रजी यावी म्हणून आपण नातवंडांना कॉन्व्हेंटमध्ये धाडतो आणि एका इंग्रजाने आमची भाषा शिकून त्यात पुराण रचले, याचा सभेत अभिमान बाळगतो. ही विसंगती डोळसपणे पाहिली पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा लाभला, याचा आम्हांस आनंद आहे. तथापि भाषा तगते ती दर्जाने वा स्तुतीने नव्हे. परक्याचे धर्मज्ञान व तत्त्वविचारही जिच्यात मांडता येतात, वादता येतात, तीच ज्ञानभाषा. स्टीफन्स यांनी हे कृतीने दाखविले.

आपल्या सीमेलगतच्या अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला, आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. येशूसंघाची साधना, शिक्षणदृष्टी, मराठी ग्रंथरचना आणि गोव्यातील वर्तन यांवर एक पूर्ण अभ्यासपत्रिका तेथे व नागपूर विद्यापीठाच्या मराठी विभागात असावी, ही आमची मागणी आहे. आपल्या मंडळाने तसा ठराव करून दोन्हीकडे धाडावा. तोवर पुढल्या २७ फेब्रुवारीला हिऱ्याची उपमा देणाऱ्या वक्त्यास आम्ही एवढेच विचारू: 'क्रिस्तपुराण' आपण किती वाचले?