कण्याचे ऑपरेशन: भीती नको, उशीरही नको

विरार लोकलमध्ये उभे राहून आपल्यापैकी अनेकांची कंबर धरते. बहुतेक कंबरदुखी औषधाने, हालचालीने बरी होते. पण पायातली ताकद गेली, बैठकीची जागा बधिर झाली, लघवीवरचा ताबा सुटला, तर मालिशमध्ये वेळ घालवू नये. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

ऑपरेशनला आपण उगाच घाबरतो. सरकलेल्या गादीसाठी आता सूक्ष्मदर्शकाखाली, साधारण इंचभर छेदातून, बारीक चिमट्याने नस दाबणारा तुकडा काढतात. हजार वर्षांपूर्वी कुर्तुब्याच्या अल-जहरावींनी ‘अत-तसरीफ’मध्ये सुमारे २०० हत्यारांची चित्रे दिली, ही विद्या आपल्याला परकी नाही.

इलाज करणे सुन्नत आहे. सजदा जमेपर्यंत नमाज इशाऱ्याने अदा करता येते.