आमची गल्ली, चार नगरसेवक आणि एक मोटर

मास कॉम केलेल्या मुलीला गल्लीत तीन प्रश्न विचारले जातात. टीव्हीवर कधी दिसणार? लग्न कधी? आणि तिसरा, जो मला यंदा फेब्रुवारीत पहिल्यांदा विचारला गेला, "मीटिंगचं लिहून घेशील का गं?"

तर मंडळी, मी सध्या आमच्या कॉलनीची बिनपगारी, अनधिकृत, फुलटाइम बातमीदार आहे. कॉपी लिहायची, ए-फोरवर प्रिंट काढायची, किराणा दुकानाच्या शटरशेजारी सेलोटेपनं चिकटवायची. सर्क्युलेशन एक प्रत. वाचक मात्र चाळीस घरं. फ्रीलान्सिंगच्या करिअरमध्ये इतके मन लावून वाचणारे वाचक मला कधी मिळाले नव्हते, आणि इतके भांडणारेही.

आधी पत्ता सांगते. जालना. पुण्यातल्या ऑफिसात हे सांगितलं की समोरून हमखास येतं, "अच्छा, जळगाव!" नाही हो. जालना. कुंडलिका नदीच्या दोन काठांवरचं, सळया आणि बियाण्यांचं शहर. महिको १९६४ साली इथेच सुरू झाली आणि तिचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ मध्ये वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. 'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्याकडे पाळण्यातल्या बाळालाही पाठ असते. पाळण्यात पाणी किती दिवसांनी येतं, हे म्हणीत नाही.

२०२३ मध्ये आमच्या नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. राज्यातली एकोणतिसावी. बोर्ड बदलला, लेटरहेड बदललं, आमच्या गल्लीत मिठाई वाटली गेली. पण नगरसेवक? २०१६ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा वाद सुप्रीम कोर्टात अडकला, आणि राज्यभरासारखंच इथेही प्रशासकाचं राज्य आलं. मे २०२५ मध्ये कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, मग मुदत वाढवून ३१ जानेवारी २०२६ केली. म्हणजे मधली चार वर्षं गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. ज्याची ओळख होती तो ओळखीकडे गेला. ज्याची नव्हती तो घरी बसला.

मतदान आलं १५ जानेवारीला. आदल्या दिवशी संक्रांत, गुरुवारची सुट्टी. प्लॅन परफेक्ट होता. आमच्या दहावीच्या बॅचमधले तेरा जण पुण्यात आहेत, सगळ्यांनी ठरवलं, जायचंच. आले किती? माझ्यासकट तीन. ट्रॅव्हल्सचे दर, शुक्रवारची क्लायंट मीटिंग, नेहमीचंच सगळं. गंमत बघा, पुण्यातही त्याच दिवशी मतदान होतं. पण यांची नावं जालन्याच्या यादीत आणि भाडेकरार वाकडचा. म्हणजे ज्या रस्त्यावर रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये बसतात तिथलं मत नाही, आणि जिथलं मत आहे तिथे पोचले नाहीत. राहता पत्ता बदलल्याचा अर्ज क्रमांक ८ ऑनलाइन भरता येतो, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पिझ्झा मागवण्याइतकंच सोपं आहे ते. पण पिझ्झा लगेच येतो ना!

मी नाव हलवलेलं नाही. आई-पप्पा इथे, आणि वर्षातले सहा महिने मीही लॅपटॉप घेऊन इथेच. तेव्हा मतदान केंद्रावर गेले. एका मतदाराला चार मतं, अ, ब, क आणि ड. आमच्या पुढच्या आजी एक बटण दाबून निघाल्या, त्यांना परत बोलावलं. "अजून तीन? एकाचंच काम होत नाही नीट, चार कशाला?" आजींचा प्रश्न रांगेत हशा पिकवून गेला. पण तो तेवढाच सोडून द्यायचा प्रश्न नव्हता, हे मला पुढे कळलं.

१६ प्रभाग, ६५ नगरसेवक. निकाल लागला, गुलाल उडाला, डीजे वाजला. आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या काकांनी मंदिराच्या ओट्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. आता नगरसेवक आलेत, तर गल्लीची एकच यादी करून देऊ, चाळीस जणांनी चाळीस अर्ज कशाला, अशी आयडिया. आयडिया चांगलीच होती.

जायच्या आधी मी थोडा अभ्यास केला. (मास कॉम केलंय बॉस, रिसर्च नको?) गावात ग्रामसभा असते हे आपल्याला शाळेपासून माहीत. वर्षातून चार तरी घ्याव्याच लागतात, आणि कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो कमी तो. म्हणजे कडवंचीसारख्या आमच्याच जिल्ह्यातल्या गावात, जिथे पाणलोटाची कामं आणि शेततळी करून लोकांनी द्राक्षं उभी केली, तिथला शेतकरी सरपंचाला उभं करून विचारू शकतो, पैसे कुठे गेले? शहरातल्या माणसाला असं काही आहे का? आहे! २००९ मध्ये महापालिकेच्या कायद्यात 'क्षेत्र सभा' घातली गेली. लगतच्या काही मतदान केंद्रांचं मिळून एक क्षेत्र, त्यातला प्रत्येक मतदार सभासद, आणि सभा नगरसेवकानं घ्यायची. राज्यातल्या बहुतेक शहरांत ही सभा कागदावरून खाली उतरलीच नाही.

का नाही? आजींचा प्रश्न आठवा. २००७ मध्ये महापालिकांत एका वॉर्डाला एक नगरसेवक होता. २०१२ ला प्रभागात दोन झाले, २०१७ ला चार. सभेला एक अध्यक्ष लागतो. चौघांपैकी कोण? त्यात चौघं वेगवेगळ्या पक्षांचे असले तर बोलायलाच नको. चार डॉक्टरांचा पेशंट आणि औषधाची चिठ्ठी एकाकडेही नाही, असा प्रकार.

आणखी एक आकडा सापडला, तो मी काकांना सांगितला नाही कारण ते हिरमुसले असते. ७४ व्या घटनादुरुस्तीत वॉर्ड समितीची सक्ती तीन लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येच्या शहरांना आहे. २०११ च्या जनगणनेत जालना शहर भरलं २,८५,५७७. म्हणजे १४,४२३ माणसांनी हुकलं. पुढची मोजणी २०२७ ची.

एक गोष्ट मात्र उघड आहे आणि आपण कुणी वापरत नाही. महापालिकेची साधारण सभा दर महिन्याला, २० तारखेच्या आत व्हावी लागते आणि ती सामान्य माणसाला बघायला खुली असते. तिकीट नाही. मल्टिप्लेक्सपेक्षा स्वस्त, आणि ड्रामा, ॲक्शन, इमोशन सगळं एकाच शोमध्ये.

असो. मीटिंग.

खुर्च्यांवर चौदा काका. कडेला, ओट्याच्या पायरीवर, आई आणि बाकी काकू. मी वही घेऊन मधे कुठेतरी. यादी सुरू झाली. कोपऱ्यातला दिवा. मोकाट कुत्री. घंटागाडीची वेळ (कुणाला सात हवी, कुणाला नऊ, यावर पंचवीस मिनिटं). नाल्यावरची फरशी. मग एका काकांनी विषय काढला पाण्याचा, आणि सगळे एकदम एक्स्पर्ट झाले. कुणी घाणेवाडीपासून सुरुवात केली. निजामाच्या काळातला तलाव, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात तो कसा आटला, तेव्हा शहरातल्या लोकांनी वर्गणी काढून गाळ कसा उपसला. खरंच काढला होता. पप्पांनीही पैसे दिले होते, मला आठवतंय, कारण त्या वर्षी माझी सायकल पुढे ढकलली गेली. मग जायकवाडीची पाइपलाइन, मग गळती, मग व्हॉल्व्ह. एकूण सगळा दोष आमच्या गल्लीच्या बाहेर कुठेतरी होता.

तेवढ्यात शेवटच्या घरातल्या काकू बोलल्या. एकट्या राहतात, मुलगा हैदराबादला. "जायकवाडीचं मला काही कळत नाही. पाणी गल्लीत येतं, ते मला आवाजावरून कळतं. माझ्याकडं येत नाही. सगळे मोटरी लावायलेत."

मंडळी, अशी शांतता मी फक्त अप्रेझलच्या मीटिंगमध्ये अनुभवलीय.

कुणीतरी खोकलं. कुणीतरी म्हणालं, "दिव्याचं लिहिलं ना?" मी म्हटलं, लिहिलं. आणि विषय पुढे गेला.

ज्यांच्या सोसायटीत चोवीस तास पाणी असतं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नळाला पाणी आलं की प्रेशर कमी असतं. म्हणून लोक नळाला थेट मोटर जोडतात आणि पाणी टाकीत खेचतात. पाइप सगळ्यांचा एकच. वरच्या दहा घरांनी खेचलं की टोकाच्या घरी नळ नुसता फुसफुसतो. शिवाय पाइपला कुठे चीर असेल तर मोटर तिथून गटाराचं पाणीही आत ओढते. म्हणून नळाला थेट मोटर लावायची परवानगी नसते. लावतात मात्र सगळे, कारण शेजारच्यानं लावली की तुमच्याकडे पाणी येत नाही, मग तुम्ही लावता. कुणी सुरू केलं, हे कुणालाच आठवत नाही.

रात्री मी इतिवृत्त टाइप केलं. सहा मुद्दे. पाण्याच्या मुद्द्यात लिहिलं, 'पाणी कमी दाबाने येत असल्याबाबत चर्चा झाली.' वा! काय वाक्य आहे. चार वर्षांची डिग्री आणि पाच वर्षांचा अनुभव वाया गेला नाही. सकाळी प्रिंट चिकटवली.

दुपारी काकू दारात. हातात दुधाची पिशवी. रागावलेल्या नव्हत्या, हेच वाईट होतं.

"वाचलं गं बाई तुझं. छान लिहिलंयस. मी बोललेलं नाही लिहिलंस?"

मी काहीतरी पुटपुटले, जागा नव्हती, एका पानात बसवायचं होतं वगैरे.

"बरं," म्हणाल्या. "जागा असली तर लिही." आणि गेल्या.

खरं कारण जागा नव्हतं. आमच्याकडेही मोटर आहे. अर्ध्या एचपीची, जिन्याखाली, माझ्या जुन्या सायकलच्या मागे. तिच्यावर गोणपाट टाकलेलं असतं. लहानपणापासून ती बघत आलेय आणि ती चोरी आहे असं माझ्या कधी डोक्यातही आलं नाही. इतरांच्या मोटरी मला दिसत होत्या, बरं का. कॉलेजात असताना मी 'पाणी आणि सामाजिक न्याय' या विषयावर प्रोजेक्ट केला होता. ए ग्रेड.

संध्याकाळी पप्पांना विचारलं, "पप्पा, आपली मोटर बंद ठेवली तर?"

"सगळे लावतात."

"म्हणून विचारतेय."

"मग तुझ्या आईनं काय करायचं? कळशीनं भरायचं? तू पुण्याला निघून जाशील चार दिवसांनी."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुद्दा बिनतोड होता. आईचा गुडघा दुखतो आणि पाणी कधी पहाटे चारला येतं, कधी रात्री अकराला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिच्याकडं टाकी पण नाही," एवढंच. नंतर पोळ्या लाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी सुधारित आवृत्ती चिकटवली. सातवा मुद्दा: 'गल्लीत नळाला थेट मोटरी लावल्याने शेवटच्या घरांना पाणी मिळत नाही, असे सांगण्यात आले. हे इतिवृत्त लिहिणाऱ्या व्यक्तीच्या घरीही मोटर आहे.'

पप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एका काकांनी किराणावाल्याला विचारलं, हा कागद कुणाच्या परवानगीनं लावला? सातव्या मुद्द्यावर कुणीतरी निळ्या पेनानं लिहिलं, 'आणि बाकीच्यांचं काय?' त्याखाली लाल पेनानं, 'तुमचंच सांगा आधी.' शुक्रवारपर्यंत समास संपला.

मग पुन्हा खुर्च्या. या वेळी पायरीवरच्या काकूही खुर्च्यांवर होत्या, कारण विषय त्यांचा होता. पाणी कधी येतं, किती वेळ टिकतं, कुणाकडे किती बादल्या लागतात, हे एकाही काकांना धड सांगता येईना. त्यांनी ठरवलं ते असं. पाणी सुटल्यावर पहिला पाऊण तास कुणीही मोटर लावायची नाही. टोकाच्या पाच घरांचं भरून झालं की शेवटच्या काकू मिस्ड कॉल देणार. मग बाकीच्यांनी काय ते करावं. नियमात बसतं का? नाही. पण चौदा काकांपैकी अकरांनी हो म्हटलं. तिघं म्हणाले, बघू. पप्पा अकरांत होते, मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

नगरसेवकांच्या यादीत आम्ही पाण्याचा दाब, गळती आणि 'आमच्या भागाची क्षेत्र सभा घ्यावी' हे तीन मुद्दे वर घातले. अर्जाच्या चार प्रती काढल्या आणि चौघांनाही दिल्या, म्हणजे दुसऱ्याकडे गेला असेल असं कुणाला वाटायला नको. पोच घेतली. चौघांपैकी दोघांनी अर्ज आमच्यासमोर वाचला. एकानं विचारलं, "क्षेत्र सभा म्हणजे?" मी सांगितलं.

त्यानंतरचं पाणी मंगळवारी आलं, पहाटे साडेचारला. आई आणि मी अंगणात अंधारात उभ्या. नळाला बारीक धार. आमची बादली भरायला किती वेळ लागतो हे मी पहिल्यांदा मोजलं, सात मिनिटं. पलीकडच्या गल्लीत कुणाची तरी मोटर घरघरत होती. आमच्या गल्लीतही एक होती, कुणाची ते आम्हा दोघींना कळलं. आई म्हणाली, "हे लिहू नको."

पाच वाजून बारा मिनिटांनी फोन दोनदा वाजला आणि बंद झाला.

पप्पा आतून म्हणाले, "आला का? लावू का आता?"