‘जेवणानंतर घ्या’, पण जेवण कधी?

दुखण्यावरची गोळी आता आपल्या बायकांच्या पर्समध्ये तिकिटाच्या पासाइतकीच नेमाने असते. उल्हासनगरच्या शिलाईच्या गाळ्यात दिवसभर मशीनवर वाकून बसणारी, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत उभ्याने पॅकिंग करणारी, बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठणारी. एकीची कंबर दुखते, दुसरीच्या पोटऱ्या, तिसरीची पाळी. दुखणी वेगळी, गोळी मात्र बहुतेक वेळा एकाच जातीची.

ही गोळी देताना डॉक्टर सहसा तीन गोष्टी सांगतात. जेवणानंतर घ्या. भरपूर पाणी प्या. दिलेल्या दिवसांपेक्षा जास्त घेऊ नका. तिन्ही सूचना अगदी बरोबर आहेत. पण त्या पाळायला जी बाई लागते, तिला वेळेवर जेवण, हाताशी पाणी आणि दुखले तर रजा असते. आपल्या वस्तीतल्या किती जणींना हे मिळते?

आधी गोळीचे काम समजून घेऊ. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक अॅसिड ही सारी एकाच कुटुंबातली औषधे. दुखणे आणि सूज वाढवणारी शरीरातली काही द्रव्ये ती तयार होऊ देत नाहीत. पण हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणून नुसत्या चहावर गोळी घेतली की पोटात आग पडते. फार दिवस घेतली तर जेवूनसुद्धा जठरात जखम होऊ शकते आणि रक्त झिरपत राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. अशा बाईचे थोडे थोडे रक्त आतून जात राहिले, तर तिला फक्त ‘थकवा’ जाणवतो. मग त्या थकव्यावरही ती गोळीच शोधते.

पाण्याचेही तसेच. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. लोकलला संडास नसतो, स्टेशनवरच्यात पाय ठेववत नाही, कित्येक गाळ्यांत तो बायकांसाठी वेगळा नसतोच. म्हणून बाई पाणीच पीत नाही. शरीरात पाणी कमी असताना ही गोळी पोटात गेली की मूत्रपिंडावर दुहेरी ताण येतो. म्हणजे जो प्रश्न आपण नगरपालिकेपुढे ‘शौचालयाचा’ म्हणून मांडतो, तो औषधाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

मैत्रिणींनो, बैठकीत एवढे तरी आपण एकमेकींना सांगायलाच हवे. पाकिटावर डाव्या बाजूला लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. शेजारणीची गुडघ्याची गोळी आपल्या कंबरेसाठी तर नाहीच. नावे वेगळी असली तरी एकाच कुटुंबातल्या दोन गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत. दमा, अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, रक्तदाबाच्या वा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना ते आधी सांगायचे. पाचव्या महिन्यापासून पुढे या गोळ्या विशेष धोक्याच्या. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य असते, पण मोठ्या माणसाने २४ तासांत ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांची मर्यादा ओलांडली तर यकृताला धोका. वजन कमी असेल, यकृताचा आजार किंवा दारू असेल तर मर्यादा आणखी खाली. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असू शकते, तेही मोजायचे. काळी शी, रक्ताची उलटी, लघवी कमी होणे, अंगावर सूज, श्वास लागणे, तापासोबत पुरळ यातले काहीही दिसले तर गोळी बंद करून तडक दवाखाना गाठायचा. मेफेनॅमिक अॅसिड पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतले जाते. त्याच्या अशा गंभीर अॅलर्जीबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती.

पण एवढे सांगून आपले काम संपले असे मानले, तर सारी जबाबदारी पुन्हा त्या बाईच्याच डोक्यावर येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय त्यातलेच. औषधाला पैसे पडत नाहीत, पण ओपीडीत गेलेली सकाळ म्हणजे बुडालेली हजेरी. त्यापेक्षा मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या कापून घेणे स्वस्त पडते. बाईला अडाणी ठरवण्याआधी हा हिशेब बघा. तो तिने बरोबर केलेला असतो.

आठवा, डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात हे सिद्ध झाले, तेव्हा २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी त्या औषधावर बंदी आणली. माणसाचे शरीर गिधाडासारखे नाही. योग्य मात्रेत, थोडे दिवस हे औषध बहुतेकांना चालते. मुद्दा वेगळा आहे. गिधाडे कोणीतरी मोजत होते, म्हणून ती कमी झाल्याचे कळले. वर्षानुवर्षे गोळीवर दिवस ढकलणाऱ्या बायका कोण मोजते?

मोजणी आपणच सुरू करू या. ऐंशीच्या दशकात गर्भारपणाची तपासणी म्हणून दिल्या जाणाऱ्या जास्त मात्रेच्या ईपी औषधांविरुद्ध स्त्री संघटनांनी आरोग्य गटांसोबत लढा दिला आणि १९८८ मध्ये त्यांवर बंदी आली.  आज प्रत्येक गटाने आपल्या वस्तीत साधे प्रश्न विचारावेत: कोणती गोळी, किती दिवस, कोणाच्या सांगण्यावरून, कशासाठी? औषधाचा त्रास झालेला असेल तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर तो कळवता येतो, नोंद होते.

आणि त्या नोंदी घेऊन मागण्या करू या. संध्याकाळची ओपीडी हवी. मेडिकलच्या दुकानात पावती आणि मराठी, हिंदी, सिंधीत समजावून सांगणे हवे. कामाच्या जागी पाणी आणि बायकांसाठी वेगळा संडास देण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाना कायद्यापासून मालकावर आहे. लहान गाळे तिच्यातून निसटतात, त्यांनाही ती लागू व्हावी. मशीनपुढे पाठ टेकायला खुर्ची हवी. दुखले तर पगार न कापता बसायची मुभा हवी.

गोळी जरूर घ्यावी. दुखणे सोसण्यात काहीच मोठेपणा नाही. पण रोज गोळी घेतल्याशिवाय जे काम उभे राहत नाही, त्या कामाचीच तपासणी आता व्हायला हवी.