‘सौम्य’ कुणासाठी?

भारतातल्या सिकलसेलविषयी पुस्तकात एक वाक्य हमखास येते : इथला आजार सौम्य असतो. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या बालरोग वॉर्डात रात्रपाळी केलेल्या निवासी डॉक्टरला ते वाचून दाखवा. हातापायाची बोटे सुजून रडणारे वर्षाचे लेकरू, उन्हाळ्यात पाणी कमी पडले की हाडांच्या कळांनी तळमळणारा शाळकरी मुलगा त्याने पाहिलेला असतो.

वाक्य खोटे नाही, पत्ता दुसरा आहे. 1986 मध्ये बी. सी. कर, ग्रॅहम सर्जंट आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ओडिशातल्या रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्यात गर्भकालीन हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, भरपूर होते आणि आल्फा थॅलेसेमियाही बऱ्याच जणांत सोबत होता. एचबीएफ हे एस हिमोग्लोबिनच्या साखळ्या जुळू देत नाही. आल्फा थॅलेसेमियामुळे तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन दाटत नाही. दोन्हींमुळे पेशी विळ्यासारखी वाकायला वेळ लागतो. पुढे हे निरीक्षण साऱ्या देशाला चिकटले.

आपल्याकडेही बहुतेकांत ओडिशासारखाच अरब-भारतीय हॅप्लोटाइप आहे, एचबीएफही बरे असते. तरी गणित जमत नाही. नागपुरातून 2016 साली प्रसिद्ध झालेल्या नवजात तपासणीच्या अभ्यासात, जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांचा आजार सरसकट सौम्य नसल्याचेच दिसले. एक शक्यता अशी की गोंड, माडिया अशा जमातींत आल्फा थॅलेसेमिया जितका आढळतो तितका शहरातल्या बौद्ध, कुणबी, तेली रुग्णांत नाही. पण एवढ्याने सगळा फरक उलगडतो, असे मला वाटत नाही. अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात एक अक्षर बदलते, सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. आम्लातला हा बदल 1950च्या दशकातच कळला. एक अक्षर सगळ्यांत सारखेच, मग दोन सख्ख्या भावांचा आजार वेगळा का, हे आपण अजून नीट सांगू शकत नाही.

1 जुलै 2023 पासून सुरू झालेले राष्ट्रीय अभियान आदिवासी भागांतल्या 7 कोटी लोकांची तपासणी करू पाहते. चांगलेच आहे. पण शहराच्या वस्त्यांतला आपला रुग्ण त्या नकाशात कडेला पडतो. त्याच वर्षाअखेरीस अमेरिकेत बीसीएल11ए जनुकाचा लाल पेशींतला नियंत्रक तोडून एचबीएफ वाढवणारी उपचारपद्धती मंजूर झाली. किंमत 22 लाख डॉलर. इकडे आपल्याच शहरात दर किलोला 10 मिलिग्रॅम हायड्रॉक्सियुरिया देऊन मुलांच्या कळा आणि रक्त चढवण्याची गरज कमी होते, हे दिसले आहे. तरी ‘कॅन्सरचे औषध’ म्हणून ते टाळणारे सहकारी आजही भेटतात. याला काय म्हणावे?

खासगी दवाखान्यातल्या आमच्या वाचकांना एक विनंती. केस पेपरवर ‘एसएस पॅटर्न’ एवढेच लिहून थांबू नका. एचबीएफचे प्रमाण, एमसीव्ही, ए2, प्लीहा किती बोटे लागते, शेवटचे रक्त कधी चढवले, हे सगळे लिहा. एमसीव्ही कमी असेल तर लोहाची कमतरता समजून गोळ्या देण्याआधी आल्फा किंवा बीटा थॅलेसेमिया सोबत नाही ना, ते पाहा. आणि पिशवी लावण्याआधी दोन मिलिलीटर रक्त बाजूला काढा. नंतर काढलेल्या एचपीएलसीत दात्याचे हिमोग्लोबिनही मिसळलेले असते.